देवलापारच्या आतल्या टोल्यावर नेट न्यायचं आहे, सुरुवात कुठून करू?

पेंचकाठची (मानेवाडा, नागपूर) · १७ मे

नमस्कार. मी नागपुरात नर्स आहे. माहेर रामटेक तालुक्यात, देवलापारच्या आत, पेंचच्या जंगलाला लागून. गावाचं नाव इथे लिहीत नाही. सडकेजवळच्या मोठ्या गावात ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलंय आणि चालतंही. आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, तिथून सरळ रेषेत साडेपाच किलोमीटर आत. साठ-पासष्ट घरं, बहुतेक गोंड. मोबाइलला रेंज नाही. मागच्या टेकडीवर एक मोह आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की एक काडी येते. ई-पीक पाहणीचे अडकलेले फोटो पाठवणं, राशनची केवायसी, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म, सगळं त्या झाडाखाली चालतं.

मागच्या पावसाळ्यात आईला मध्यरात्री ताप चढला. भाऊ बॅटरी घेऊन टेकडी चढला, तेव्हा कुठे १०८ ला फोन लागला. साप-विंचवाचे दिवस, पायात साधी चप्पल. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मी वाचलं की काही ठिकाणी लोकांनी स्वतःच गावाहून गावाला वाय-फायच्या डिश लावून नेट नेलंय. हे आपल्याकडे जमेल का? कायद्यात बसतं का? माझ्याजवळ बाजूला टाकलेले ४० हजार आहेत आणि आयटीआय झालेला भाऊ आहे. आमच्या आजूबाजूला आणखी दोन टोले आहेत, तेही विचारतात. एकदम तिघांचं करावं की आधी एकाचं?

वाडीवाला · १७ मे

ताई, एवढी मेहनत कशाला? मोहाच्या झाडावर मोबाइल बूस्टर बसवा. बाजारात पाच-सात हजारात मिळतो. काम झालं.

महालचा केबलवाला · १८ मे

आधी बूस्टरचं. भाऊ, तुम्ही मदत म्हणूनच सांगितलं, पण तो परवान्याशिवाय जवळ ठेवणंही गुन्हा आहे. शिवाय तो कंपनीच्या टॉवरला त्रास देतो, म्हणजे मोठ्या गावात जी रेंज आहे तीही बिघडते. ताई, त्या वाटेला जाऊ नका.

आता तुमचं. मी महालातला. १९९४ पासून केबल टीव्हीचा धंदा केला. या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर ओढत पूर्ण मोहल्ला जोडला. ज्याच्या गच्चीवर अँप्लिफायर, त्याचं कनेक्शन फुकट, हा आमचा नियम. त्या घरची बाई अँप्लिफायरला घरच्यासारखी जपायची, पाऊस आला की वरून पत्रा झाकायची. हे यासाठी सांगून राहिलो की आज पारशिवनी तालुक्यात आमची पाच गावं डिशनं जोडलेली आहेत आणि तिथेही हाच नियम चालते.

वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेर वापरायला ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. मी पुढच्याच जानेवारीत समोरासमोरच्या दोन डिशची पहिली जोडी, म्हणजे लिंक, उभी केली. त्या पट्ट्यात गर्दी कमी, डिश लहान, आणि पाच-सात किलोमीटर म्हणजे काहीच नाही. दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत, एवढंच.

या 'दिसली पाहिजेत' मध्येच मी आपटलो, ते नीट ऐका. पहिली लिंक लावली तेव्हा सागाची पानगळ चालू झालेली. ग्रामपंचायतीच्या टाकीवरून समोरच्या गावातल्या शाळेचा पत्रा उघड्या डोळ्यांनी चमकताना दिसत होता. सिग्नल उणे ५८ (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). गावात पेढे वाटले. पोरं रात्री अकरापर्यंत शाळेच्या ओट्यावर बसून राहायची. जूनचा पाऊस पडला, सागाला पालवी फुटली, आणि पंधरा जुलैपर्यंत सिग्नल उणे ८४ वर. नंतर बंदच. मी रेडिओ, म्हणजे डिशला जोडलेलं वायरलेस यंत्र, बदलला, केबल बदलली, दोनदा नागपूरहून मोटारसायकलनं चिखलातून गेलो. तिसऱ्या वेळी टाकीवर चढलो आणि शाळा शोधली तर शाळा नाही! मधे नुसती हिरवी भिंत. सागाचं पान म्हणजे पत्रावळीएवढं, त्यात ओलं. पाच गिगाहर्ट्झच्या लहरीला पाण्यानं भरलेलं पान भिंतीसारखंच. आपल्या भागात लाइन ऑफ साइट मे महिन्यात पाहायचीच नाही. तुम्ही आज मे महिन्यात विचारलं म्हणून मुद्दाम सांगतो. ऑगस्टपर्यंत थांबा. तेवढ्यात बाकीची कामं आहेत, आणि ती डिशपेक्षा जड आहेत.

पहिलं काम, ग्रामसभा. तुमच्या टोल्याची वेगळी बैठक घ्या, मोठ्या गावाची वेगळी. टाकी ग्रामपंचायतीची, तिच्यावर पाइप लावायला ठराव पाहिजे, कागदावर. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाचं तुम्हाला सांगायला नको. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्याच्या कितीतरी आधीपासून ते गाव सगळ्यांची सहमती झाल्याशिवाय काही करत नव्हतं. आपलं नेट त्यापुढे लहानशी गोष्ट, पण रीत तीच ठेवा. माझ्या दुसऱ्या गावात मी घाई केली. एकट्या सरपंचाला विचारलं, बाकीच्यांना नाही. निवडणुकीनंतर नवे लोक आले आणि म्हणाले, हे जुन्या लोकांचं नेट, काढा. सात महिने डिश गोदामात होती. पोरांची दहावी त्याच वर्षी होती, ते मला आजही लागते.

दुसरं, जंगलात खांब रोवायचा विचारही नको. वनविभागाची परवानगी, व्याघ्र प्रकल्पाचा बफर पट्टा, वर्षं जातील. घरावरून घरावर, शाळेवरून टाकीवर, असंच जा.

तिसरं, सामान. माझी पहिली जोडी, पाइप, केबल, बॅटरी धरून २६ हजारात बसली होती. तुमचे ४० हजार एका लिंकला पुरतात, तिन्ही टोल्यांना नाही. केबल बाहेरचीच घ्या, काळी, उन्हाला टिकणारी. मी एकदा आतली करडी केबल वापरली. मे महिन्याच्या ४६ डिग्रीत दोन उन्हाळ्यांत तिचं साल चुऱ्यासारखं सुटलं. डिशमधून उतरताना केबलला खाली एक वळण द्या, म्हणजे पाणी वळणावरून टपकते, कनेक्टरमध्ये शिरत नाही. एका गावात दर पावसात लिंक जायची आणि उन्ह पडलं की यायची. कनेक्टर उघडला, आत हिरवा गंज आणि थेंबभर पाणी. एवढ्याशा थेंबानं पस्तीस घरं बसवून ठेवली होती. केबल पीव्हीसी पाइपातून न्या, वानरं ओढतात. अर्थिंग पहिल्या दिवशीच करा. जूनच्या पहिल्या विजा आपल्याकडे काय असतात ते तुम्हाला माहीत आहे.

लाइटीचं म्हणाल तर टोल्यातला रेडिओ, स्विच आणि एक वाय-फाय पेटी मिळून वीसेक वॅट. १२ व्होल्टची १०० एएचची बॅटरी एक दिवस काढते. सोलर जमला तर उत्तम.

आता तुमचा खरा प्रश्न, एक की तीन. एकच. आणि तिथे एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या.

मी पुढची गावं स्वतःहून कधीच जोडली नाहीत. पहिल्या गावात पोळ्याला पाहुणे आले, त्यांनी शाळेच्या ओट्यावर पोरं पाहिली, म्हणाले आमच्याकडे कधी? मी म्हटलं, तुमचे दोन जण इकडे आठ दिवस राहायला पाठवा. टाकीवर चढायला, कनेक्टर दाबायला, रेडिओ वळवायला शिकतील, मग येतो. एका गावानं पाठवले, ते जुळलं. दुसऱ्यानं पैसे पाठवले, माणसं नाही. तिथे मी गेलो नाही. कठोर वाटेल. पण नागपूरहून ७० किलोमीटर जाऊन दर वेळी मीच टाकीवर चढणार असेन, तर ते गावाचं नेट नाही, माझं आहे, आणि माझे गुडघे गेले की तेही जाईल.

पहिल्या गावात बचत गटाच्या बाया हिशेब ठेवतात. शाळेची जुनी हजेरीवही आहे. नाव, महिना, १०० रुपये, सही किंवा अंगठा, आणि शेवटच्या रकान्यात काय बिघडलं, कोणी नीट केलं. मागच्या खेपेला मी ती चाळली. २०१९ मध्ये त्या रकान्यात सगळीकडे 'नागपूरवाले काका'. २०२२ मध्ये मी दोनदा. गेल्या वर्षी एकदाही नाही. ताई, खरं सांगतो, ते पान पाहून डोळे भरून आले.

रेडिओलहरी (त्रिमूर्तीनगर) · १९ मे

काका, हे जतन करून ठेवण्यासारखं लिहिलंत. मी दूरसंचार शिकवते, थोडं हिशेबाचं जोडते.

ताई, दोन डिशमध्ये नुसती नजर पोचून भागत नाही. लहर सुतासारखी सरळ जात नाही, मधे फुगते, ऊस सोलण्याआधी पेराशी असतो तशी. साडेपाच किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झला मध्यभागी त्या फुगवट्याची त्रिज्या साडेआठ मीटरच्या आसपास येते. त्यातली ६० टक्के, म्हणजे पाच मीटर, तरी मोकळी हवी. म्हणजे झाडाचा शेंडा नजरेच्या रेघेखाली फक्त दोन मीटर असेल तरी लिंक रडेल. २.४ वर फुगवटा तेरा मीटरचा होतो, म्हणून तो पर्याय आणखी अवघड. झाड पुढच्या पाच वर्षांत वाढणार आहे हेही धरा.

रेडिओच्या सेटिंगमध्ये अंतर टाकायला विसरू नका. वाय-फाय मूळचं खोलीतल्या वापरासाठी. समोरच्याकडून पोच ठरावीक क्षणात आली नाही तर ते माहितीचं तेच पाकीट पुन्हा पाठवत बसतं. अंतर टाकलं की ते थोडं जास्त थांबतं. आणि पुढच्या टोल्याला नेताना वेगळा रेडिओ लावा. एकाच रेडिओनं घेऊन त्याच रेडिओनं पुढे दिलं तर प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा होतो. तिसऱ्या टोल्यापर्यंत काही उरणार नाही.

वाढण्याबद्दल काका म्हणाले तेच जगभर दिसतं. नेपाळात म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावात महावीर पुन या शिक्षकानं पोखऱ्याहून डोंगरमाथ्यांवरून नेट आणलं, एक रिले (सिग्नल पुढे देणारा टप्पा) तर झाडावर होता. पुढे शंभरावर गावं जोडली गेली आणि २००७ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्पेनच्या कॅटलोनियात ओसोना भागात कंपन्या खेड्यांत ब्रॉडबँड देईनात, म्हणून २००४ मध्ये रामोन रोका आणि शेजाऱ्यांनी गुइफी नावाचं नेटवर्क सुरू केलं. आज त्यात ३५ हजारांहून जास्त नोड, म्हणजे जोडणीची ठिकाणं, आहेत. तिथला करार मला फार आवडतो. जो आपला नोड जोडतो तो दुसऱ्याची वाहतूक आपल्यातून जाऊ देतो, मग तो घरगुती असो की धंदेवाला. म्हणून प्रत्येक नव्या घरासोबत पुढच्या घराची वाट तयार होते. दक्षिण आफ्रिकेतल्या मांकोसी गावात झेन्झेलेनी नावाची सहकारी संस्था आहे. तिथे सोलरवर मोबाइल चार्ज करून देण्याचे पैसे नेटवर्कला उपयोगी पडले. तुमच्या टोल्याला हे जुळेल असं वाटतं. आपल्या देशात धर्मशाळेला एअरजल्दी नावाचं नेटवर्क, आणि २०१० पासून मध्य प्रदेशात चंदेरीच्या विणकरांत असं काम झालं आहे. धर्मशाळेत माकडांचा त्रास तुमच्या वानरांसारखाच!

पानांना भेदणारी लहर हवी तर टीव्ही वाहिन्यांनी न वापरलेला रिकामा पट्टा चांगला. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईनं तो गावांमध्ये वापरून पाहिला आहे. पण तो प्रायोगिक परवान्यावर होता, तुम्हा-आम्हाला तसा लावता येत नाही.

कायद्याचं: घरगुती कनेक्शन घेऊन गावभर विकू नका. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फाय योजनेत तुम्ही पीडीओ, म्हणजे लोकांना वाय-फाय देणारं छोटं केंद्र, होऊ शकता. त्याला परवाना नाही, नोंदणी नाही, फी नाही. वापरणाऱ्यांची ओळख आणि नोंदी ठेवणं हे वरच्या पीडीओएचं, म्हणजे अनेक पीडीओंना सांभाळणाऱ्या संस्थेचं काम. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं ठरवलं की २०० एमबीपीएसपर्यंतच्या लाइनला पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. कोणी जास्त मागितलं तर हे दाखवा.

पेंचकाठची · २१ मे

तुम्हा दोघांचे किती आभार मानू. काल रात्री भावाला फोनवर वाचून दाखवलं. तो टेकडीवर उभा आणि मी वाचतेय, पाऊण तास.

एक अडचण. पीएम-वाणीत ओटीपीनं नोंदणी आहे ना? आमच्याकडे रेंजच नाही, मग ओटीपी येणार कसा?

महालचा केबलवाला · २१ मे

बरोबर पकडलंत. नोंदणी एकदाच करायची असते. बाजाराच्या दिवशी देवलापारला गेले की तिथे बसून करून घ्या. पहिल्या महिन्यात भावानं बाजारात एक खुर्ची टाकून बसावं, टोल्यातले लोक येतील तसे करून द्यावं. बँकेच्या ओटीपीसाठी फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून पाहा. काही फोनांवर वाय-फायवरूनच फोन लागतो आणि मेसेजही येतो. १०८ त्यावरून लागतो का, तेही आधीच लावून पाहा. कोणाचा फोन चालतो, कोणाचा नाही, याची यादी शाळेच्या भिंतीवर लावा. रात्री अडचणीत कोणाचं दार वाजवायचं ते लोकांना माहीत पाहिजे.

पेंचकाठची · २४ ऑगस्ट

धागा वर आणतेय, माफ करा. ग्रामसभेचे दोन्ही ठराव झाले, प्रती माझ्याजवळ आहेत. आमच्या टोल्यात बैठक तीन वेळा घ्यावी लागली. पहिल्या दोन वेळा बाया बोलल्या नाहीत. तिसरी आम्ही दुपारी धान निंदून झाल्यावर घेतली, तेव्हा बोलल्या. पैसे त्या ठेवणार.

काल पाऊस थांबला तसा भाऊ आणि मी मोठ्या गावच्या टाकीवर चढलो. मे महिन्यात भावाला आमच्या शाळेचा निळा पत्रा स्वच्छ दिसला होता, त्यानं फोटोही काढला होता. तोच फोटो हातात धरून त्याच जागेवर उभे राहिलो. काका, काही नाही. साग आणि धावडा, हिरवंच हिरवं. भाऊ गप्पच झाला.

मग माझं लक्ष उजवीकडे गेलं. दुसरा टोला, ज्याला आम्ही पुढच्या वर्षी घेणार होतो, तो थोडा उंचावर आहे. त्याच्या टोकाचं एक घर पूर्ण दिसत होतं, अंगणातली बैलगाडीसुद्धा. मधे धानाच्या बांध्या, झाड नाही. टाकीपासून चारेक किलोमीटर. त्या अंगणातून आमची शाळा दीडेक किलोमीटर, मधे नाला आणि उघडं रान. आज सकाळी तिकडे गेलो. घर एका आजीबाईंचं, मुलगा आणि सून सोबत. सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आमच्या घरी आधी येईल की तुमच्याकडे? मी म्हटलं, आधी तुमच्याकडे, मग तुमच्याकडून आमच्याकडे. ती आणि तिचा दीर शिकायला यायला तयार आहेत. भाऊ म्हणतो पैशाचं पाहू, दुसऱ्या जोडीसाठी दिवाळीपर्यंत थांबू.

प्रश्न एवढाच की घर कवेलूचं (कौलारू) आहे. पाइप कशाला बांधू?

महालचा केबलवाला · २४ ऑगस्ट

कवेलूला हात लावू नका. पाइपाच्या ओढीनं कवेलू फुटतील आणि आजीबाईंच्या घरात पाणी येईल. अंगणात घरापासून हातभर सोडून दीड इंची जीआय पाइप रोवा, अडीच फूट खड्डा, खाली गिट्टी-सिमेंट, वर तीन दिशांना ताणाच्या तारा. तारांना लाल चिंध्या बांधा, बैल अडकायला नको. रेडिओ दोन, एक टाकीकडे, एक तुमच्या शाळेकडे, आणि दोघांमध्ये वर-खाली तीन फूट अंतर. सिमेंट आठवडाभर वाळू द्या, तोवर डिश लावू नका.

त्या दोघांना आत्ताच बोलवा, पाऊस चालू असताना. मी येत्या रविवारी पारशिवनीच्या पहिल्या गावात आहे, सकाळी आठपासून. भावाला आणि त्या सुनेला तिकडे पाठवा. वही तिथेच आहे, बचत गटाच्या बाया दाखवतील. येताना जाड दोर आणा, टाकीची शिडी ओली असते.